बशीतलं घर

बर्स्लेम, ३ मार्च १९५७

प्रिय एडनामावशी,

नाताळच्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे आई मला रोज ऐकवते. ऐकवू दे. आज मात्र मला तुलाच लिहायचंय. आईला सांगितलं तर ती म्हणेल, "झालं, पुन्हा भूत बसलं मानगुटीवर."

मावशी, काल कारखान्यात आमचं घर आलं.

हसू नकोस. नव्या नक्षीचे ठसे आले. आमच्या मुकादमीण मिसेस टॉफ्टबाईंनी पातळ कागदांची चवड माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "घ्या, ही लंडनची फॅशन. फुलं नाहीत, पाखरं नाहीत, नुसतं काळं-पांढरं. बघू कोण जेवतंय यावर." मी पहिला कागद कोऱ्या बशीवर पालथा घातला, ब्रशानं घासला, पाण्यात धुतला. कागद सुटून आला आणि खाली घेवड्याच्या दाण्यासारखं तीन पायांचं टेबल. शेजारी तिरक्या पायाचा दिवा, टोपलीतलं झाड, काटकुळ्या पायांचा कोच. मी हात तसेच पाण्यात ठेवून बघत राहिले.

डेनिसनं हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात बसून काढलं होतं, उरलेल्या भिंतकागदाच्या पाठीवर. लग्न झालं की असं घर करायचं, जुनं जड लाकूड एकही आणायचं नाही. आईला तो म्हणाला होता, "तुमच्या कपाटाला पाय आहेत की हत्ती बसलाय?" मग तो नक्षीकामाच्या नोकरीसाठी लंडनला गेला आणि मीच त्याला तुझ्या वरच्या खोलीत धाडलं. पत्रं आधी दर आठवड्याला आली, मग सणासुदीला, मग आलीच नाहीत. पुढचं तुला ठाऊक आहे.

पण आता ऐक. त्या चित्रात दोन खुर्च्या होत्या. त्याची उंच, माझी बुटकी, कारण माझे पाय कुठल्याच खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत. बशीवर एकच खुर्ची आहे. आणि ती बुटकी आहे. त्यानं स्वतःची काढून टाकली आणि माझी ठेवली. ही नक्षी आमच्याच कारखान्यात छापली जाणार, ती माझ्याच हातून जाणार, हे त्याला माहीत नसेल होय?

अडचण एवढीच की विल्फनं मला मागणी घातलीय. विल्फ आमच्या भट्टीत माल रचतो. डोक्यावर भांड्यांचा डबा घेऊन शिडी चढतो, आणि बोलतो एवढं कमी की भट्टी जास्त बोलते. दर शनिवारी ओटची धिरडी आणतो, चीज घातलेली. गार होऊ नयेत म्हणून कोटाच्या आत धरून आणतो. ऑगस्टच्या सुट्टीत तो भावाकडे ऑस्ट्रेलियाला निघालाय, कायमचा. त्याआधी त्याला माझं उत्तर हवंय.

डेनिस कसा आहे? तुझ्याकडेच आहे ना?

तुझी बेरिल


लंडन, १२ मार्च १९५७

बेरिलबाई,

डेनिस माझ्याकडे नाही. जानेवारीत त्यानं खोली सोडली, कामाच्या जवळ राहायला गेला. तब्येत बरी आहे.

बशीवर खुर्ची एकच आहे, कारण बशी ही बशी असते, दिवाणखाना नव्हे. लंडनमध्ये सध्या जो उठतो तो काटकुळ्या पायांची टेबलं काढतो. आमच्या कोपऱ्यावरच्या खाटकानंसुद्धा पडद्यांवर तसलीच टेबलं आणलीयत. यात तुला निरोप कुठं दिसतो?

विल्फला हो म्हण. गरम धिरडी छातीशी धरून आणणारा माणूस मला आयुष्यात भेटला नाही. तुझ्या काकांनी मला लग्नाआधी एकदाच काही आणलं, तो मुडदूस झालेला ससा होता. माझं ऐक. मी तुझ्या वाईटावर आहे का?

डेनिसबद्दल आणखी विचारू नकोस. सगळंच पत्रात मावत नाही.

तुझी मावशी एडना


बर्स्लेम, १९ मे १९५७

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राचा मी बरेच दिवस विचार केला. पूर्वी डेनिसचं तू पानभर लिहायचीस. त्यानं सकाळी काय खाल्लं, मोज्याला भोक कुठं पडलं, सगळं. आता "तब्येत बरी आहे." एवढंच. म्हणजे त्यानंच तुला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. तो मनात काहीतरी धरून बसलाय आणि तू त्याला सामील आहेस. मला कळत नाही असं समजू नकोस.

सोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात बशा आहेत, आमच्या घराच्या. डागी मालातल्या आहेत, पण डाग मिसेस टॉफ्टबाईंनाच दिसतात, बाकी जगाला नाही. सगळ्या माझ्या हातच्या आहेत. बशीच्या पाठीवर प्रत्येक मुलगी आपली खूण टाकते, म्हणजे ठसा वाकडा बसला तर कुणाचे कान धरायचे ते कळतं. माझी खूण म्हणजे टिंब आणि त्याला शेपूट. डेनिस शेजारच्या टेबलावर बसायचा तेव्हा म्हणायचा, "बेरिल, तुझं हे बेडकाचं पिल्लू मोठं कधी होणार?"

त्या त्याला दे. चिठ्ठी नको, माझं नावही घेऊ नकोस. बर्स्लेमचा माणूस आहे तो. आमच्या भांडी बनवणाऱ्या गावातली माणसं राणीकडे जेवायला गेली तरी आधी बशी उलटी करून कुणी बनवली ते बघतील आणि मग खातील. तोही बघेल. त्यानं बशीवरून मला निरोप धाडला, मी बशीखालून उत्तर धाडतेय.

विल्फला अजून काही बोलले नाही. तो विचारतही नाही. शनिवारी धिरडी मात्र येतात.

तुझी बेरिल


लंडन, ९ जून १९५७

प्रिय बेरिल,

बशा पोचल्या, एकही फुटली नाही. त्याच्या नव्या जागी नेऊन दिल्या.

त्यानं वरची बशी उलटी केली आणि बराच वेळ बघत राहिला. मग सगळ्या पुन्हा कागदात गुंडाळून ठेवल्या. एवढंच घडलं, आणि यापेक्षा जास्त यात काही शोधू नकोस, पोरी. तुझ्या पाया पडते.

इथं उकाडा आहे. माझे गुडघे नेहमीसारखेच. विल्फला काय सांगितलंस ते आधी कळव. त्याला नाही म्हणू नकोस.

तुझी मावशी


बर्स्लेम, २३ जून १९५७

मावशी, माझी गुणाची मावशी,

बराच वेळ बघत राहिला! अगं, मग आणखी काय हवं? त्याला ओळख पटली. पुन्हा गुंडाळून ठेवल्या म्हणजे वापरायच्या नाहीत, जपून ठेवायच्या, घर होईपर्यंत. तू समोर उभी होतीस आणि तुला एवढंही उमगलं नाही?

विल्फला मी काल सांगितलं. भट्टीच्या मागं कोळशाच्या ढिगाशी आम्ही उभे होतो.

तो म्हणाला, "त्या बशीवाल्यासाठी?"

मी म्हटलं, "हो."

"आलाय का तो?"

"येईल."

त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. म्हणाला, "येत असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल येत, तर निघायच्या दिवसापर्यंत सांग. बोटीवर तुझी जागा मी सोडलेली नाही." आणि धिरड्यांचा पुडा माझ्या हातात देऊन गेला. मला वाईट वाटलं, मावशी. खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी रडले. पण दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभी राहू?

आईला अजून काही सांगितलेलं नाही. डेनिस येईल तेव्हा तोच सांगेल.

तुझी बेरिल


लंडन, ३० जून १९५७

बेरिल,

तू घाई केलीस. विल्फला थांबायला सांग. मला तुझ्याशी समोरासमोर बोलायचंय, हे कागदावर होणार नाही. तुमची सुट्टी लागली की पहिल्या शनिवारी मी येते. तोवर विल्फला हातचा घालवू नकोस, आणि दुसरं काहीही ठरवू नकोस.

एडना


बर्स्लेम, ११ ऑगस्ट १९५७

एडनामावशी,

तू शनिवारी आलीस तेव्हा मी घरात नव्हते आणि आल्यावर तुझ्याशी बोलले नाही. तू दाराबाहेर उभी होतीस ते मला कळत होतं. मी कडी काढली नाही. आता लिहिते, कारण लिहिताना तुझं तोंड दिसत नाही.

तुझं "समोरासमोर बोलायचंय" वाचून मला वाटलं, तू त्याला घेऊन येतेस. मला दम निघेना. कारखान्याच्या ऑफिसात नक्षीवाल्यांचे पत्ते असतात. तिथल्या बाईनं त्याचा पत्ता दिला. गुरुवारी संध्याकाळी विल्फ निरोप घ्यायला आला. कोट नवा होता, बाह्या लांब होत्या. दारातच म्हणाला, "आला का तो?" मी म्हटलं, "उद्या मीच जातेय त्याच्याकडे." तो म्हणाला, "बरं." मग आईशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला आणि गेला. शुक्रवारी त्याची बोट होती आणि माझी गाडी.

त्या पत्त्यावर दार एका बाईनं उघडलं. उंच, गोरी, पोट पुढं आलेलं. मी म्हटलं, "मी बेरिल, बर्स्लेमहून आलेय. एडनाची भाची."

"अय्या, एडनाची भाची! या ना. मी हिलरी, डेनिसची बायको. तो कामावर गेलाय. तुमच्या मावशीनं आमच्या लग्नात काय धमाल केली! नाचल्या माहितीय?"

तू नाचलीस, मावशी.

मी आत गेले. आणि मला तिथलं सगळं आधीपासून ठाऊक होतं. घेवड्याच्या दाण्याचं टेबल तिथं होतं. तिरक्या पायाचा दिवा, टोपलीतलं झाड, काटकुळा कोच, सगळं खरंखुरं, हात लावता येईल असं. मार्चपासून मी ज्या घराचे ठसे बशांवर लावले, त्या घरात मला बाहुलीसारखं कुणीतरी उचलून ठेवलं होतं. खुर्च्या दोन होत्या. दोन्ही उंच. मी बसले आणि माझे पाय लोंबकळत राहिले. त्या बाईच्या ते लक्षात आलं. सातव्या महिन्यातली बाई वाकली आणि तिनं माझ्या पायांखाली पाट सरकवला. ती वाईट असती तर बरं झालं असतं.

तिनं चहा केला आणि केक कापला. केक आमच्या बशीत वाढला. मी कुठल्या गावची ते हातांना माहीतच आहे. केक एका हातात धरला आणि बशी उलटी केली. टिंब आणि शेपूट.

ती हसायला लागली. "तुम्ही पण? डेनिस पण हेच करतो, कुठंही गेला तरी. मला तर लाज वाटते. या बशा एडनानं लग्नाची भेट म्हणून दिल्या, बरं का. थोडी उशिरा दिली, पण काय सुंदर दिली! यावर आमचंच घर आहे. लग्नाआधीच डेनिसनं मला चित्र दाखवलं होतं, असं घर करायचं म्हणून."

मला तोंड होतं, मावशी. मी म्हणू शकले असते की ते चित्र माझ्या आईच्या टेबलावर काढलंय, त्याच्या एका कोपऱ्यावर अजून आमच्या जॅमचा डाग असेल. पण तिच्या पोटाकडे बघून मला ते जमेना. मी एवढंच विचारलं की बशीवर खुर्ची एकच का.

"दोन होत्या," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, गर्दी होतेय, एक काढा. उरली ती टेबलाच्या वरच्या जागेत मावेना. मग डेनिसनं तिचे पाय कापले. बुटकी दिसते ना? लोक विचारतात."

पाय कापले. मी ठसे लावणारी बाई. जागा कमी पडली की पाखराची शेपटी कापतात, गुलाबाचा देठ कापतात, हे मी शाळा सोडल्यापासून बघत आलेय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं की खुर्ची बुटकी म्हणजे प्रेम, तर मी हसून हसून मेले असते. आणि मी त्या कापलेल्या पायांवर विल्फला परत धाडलं.

निघताना ती म्हणाली, "गंमत माहितीय? डेनिस या बशांत जेवत नाही. आल्या त्या दिवसापासून नाही. कोपऱ्यात एक जुनी टवका उडालेली बशी आहे, तीच घेतो. म्हणतो, स्वतःच्या चित्रावर रस्सा ओतवत नाही."

ते खोटं आहे हे तिला कळणार नाही. मला कळलं. त्यानं बशी उलटी केली तेव्हाच त्याला समजलं की मी वाट बघतेय. त्याला एक ओळ खरडता आली असती, मी लग्न केलंय म्हणून. त्यानं ओळ लिहिली नाही. फक्त बशी बदलली.

त्याचं मला आता काही वाटत नाही. तो तसाच होता, आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण तुझं वाटतं. तुला मार्चमध्ये ठाऊक होतं. दोन ओळी पुरल्या असत्या. तू मला बशी उलटी केल्याचं लिहिलंस, मग लग्नाचं का नाही लिहिलंस?

बेरिल


लंडन, १५ ऑगस्ट १९५७

बेरिल,

मी लिहायला बसले नाही असं नाही. "त्यानं लग्न केलंय" एवढं लिहायचे आणि पुढं हात चालायचा नाही. गेल्या वर्षी त्याची पत्रं थांबली तेव्हा तुझ्या आईनं मला कळवलं होतं की पोरगी जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. मला वाटलं, आधी तू विल्फला हो म्हणावंस, मग कळलं तरी लागणार नाही. पडताना हाताशी काहीतरी असावं. म्हणून मी तुला नुसतं त्याच्याकडे ढकलत राहिले, आणि तुला का ते सांगितलं नाही.

बशा मी डेनिसला एकट्याला गाठून द्यायला निघाले होते. दार तिनं उघडलं. खोकं माझ्या हातात आणि ती विचारतेय, "हे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लग्नाची भेट." एकदा निघालं ते निघालं. तो मागं उभा होता. त्यानं बशी उलटी केली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

नाचले ते खरं आहे. दोन पेले वाईन पोटात गेली होती आणि न नाचता मी तिथं बसले असते तर रडले असते. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

तुझ्या बाजूनं वागायला गेले आणि तुझंच वाटोळं केलं. विल्फचा पत्ता कुणाकडे असेल तर मी स्वतः त्याला लिहिते, गुन्हा माझा म्हणून.

मावशी


बर्स्लेम, १७ नोव्हेंबर १९५७

प्रिय मावशी,

आई म्हणते, एकच बहीण आहे मला, तिला किती दिवस दाराबाहेर उभी ठेवणार? म्हणून लिहितेय. राग आहे, पण आता त्यात पूर्वीची धग नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

विल्फला लिहू नकोस. त्याचं आमच्या भट्टीवाल्यांना पत्र आलं होतं. भावाच्या शेजारी घर घेतलंय, तिकडच्याच एका मुलीशी जमतंय. मुलगी बडबडी आहे म्हणे. त्याला तसलीच हवी होती. शनिवारी मी धिरडी स्वतः आणते, घरी येईपर्यंत गार होतात.

नक्षी जोरात चाललीय. आता सगळा देशच आमच्या घरात जेवतो. परवा आईला घेऊन चहाच्या दुकानात गेले तर समोर आमचा कोच, त्यावर अर्धं खाल्लेलं अंडं. आईनं गुपचूप बशी बदलून आणली. त्या हत्तीच्या पायांच्या कपाटाला ती आजकाल रोज पुसते, जसं काही तेच जिंकलंय.

एक सांगायचं राहिलं. मिसेस टॉफ्टबाईंनी काल मला ऑफिसात बोलावलं. समोर बशांची चळत होती. म्हणाल्या, "बेरिल, इतकी वर्षं झाली, कधी चुकली नाहीस. या सगळ्या बशा कोऱ्या पाठीच्या का? खूण कुठाय तुझी?"

मी म्हटलं, "विसरले."

"सगळ्यांवर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चळत परत माझ्या हातात दिली. खोक्यांवर काय छापलंय ते त्यांनीही वाचलं असावं. तो माल ऑस्ट्रेलियाला निघालाय.

तो देश केवढा मोठा आहे ते मला ठाऊक आहे. शाळेच्या नकाशात बघितलाय. बशी त्याच्यापर्यंत जाईलच असं काही नाही. पण गेलीच, तर तो जेवायला बसेल, ती बडबडी मुलगी काहीतरी सांगत असेल, आणि विल्फ आधी बशी उलटी करेल. बर्स्लेमचा माणूस आहे, त्याला राहवणार नाही. माझ्या खुणेपायी एका माणसाचं जेवण तुटलं, मावशी. विल्फला पोटभर जेवू दे.

तुझी,
बेरिल